तुमचं काम दुसऱ्याच्या टीशर्टवर दिसायच्या आधी काय करून ठेवायचं: नवीन आर्टिस्टसाठी गाईड

आषाढी जवळ आली की हे दरवर्षी होतं. कुणीतरी झकास विठ्ठल काढतं किंवा ब्रशने 'राम कृष्ण हरी' लिहितं, इन्स्टावर टाकतं, आणि चार दिवसांत तेच टीशर्टवर, मोबाईल कव्हरवर, कुठल्यातरी भाऊंच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवर, खाली भलत्याच डिझायनरचं नाव. मग स्टोरी पडते 'प्लीज क्रेडिट द्या यार', मित्रमंडळी त्या पेजवर जाऊन शिव्या घालून येतात, तो ब्लॉक करतो आणि माल विकला जायचा तो विकला जातोच.

मी लेटरिंग (हाताने रेखलेली अक्षरं) आणि इलस्ट्रेशन करते, त्यामुळे प्रिंटिंगवाले, फ्लेक्सवाले, पुस्तकवाले सगळ्यांशी संबंध येतो. चोर सापडत नाही ही अडचण क्वचित असते, तो बहुतेक वेळा सापडतोच. अडचण ही असते की सापडल्यावर समोर ठेवायला आपल्याकडे काही नसतं. म्हणून या लेखातला मोठा भाग चोरी व्हायच्या आधीचा आहे. मी वकील नाही, इथे लिहिलेलं सगळं भारतातल्या कायद्याबद्दल आहे, आणि मोठ्या रकमेचा मामला असेल तर वकील गाठाच.

पायरी १: हक्क कधी मिळतो

काम कागदावर किंवा स्क्रीनवर उतरलं की त्याच क्षणी कॉपीराइट तुमचा. रजिस्ट्रेशन नको, सी गोलात लिहायला नको, काही नको. आपला कायदा १९५७ चा आहे, त्यात चित्र, शिल्प, रेखाटन, नकाशा, फोटो हे सगळं 'कलाकृती' मध्ये येतं, आणि एक छान गोष्ट म्हणजे ती कलाकृती भारी असायला पाहिजे अशी अट नाही. तुमच्या पहिल्या वर्षाच्या वेड्यावाकड्या गणपतीलाही तेवढंच संरक्षण. मुदत तुम्ही जिवंत असेपर्यंत आणि तुमच्यानंतर ६० वर्षं. फोटोंना आधी कमी मुदत होती, २०१२ च्या दुरुस्तीनंतर तेही चित्रांच्या रांगेत आले.

पण संरक्षण मिळतं ते तुम्ही जे प्रत्यक्ष काढलंय त्याला, डोक्यातल्या कल्पनेला नाही. 'छत्री घेतलेला विठोबा ही माझी आयडिया होती' यावर काही होत नाही. सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या केसमध्ये सांगून ठेवलंय की कल्पना, विषय, कथाबीज यावर कॉपीराइट नसतो, ते मांडायच्या पद्धतीवर असतो, आणि दोन्ही गोष्टी बघणाऱ्या साध्या माणसाला ही त्याची नक्कल आहे असं स्पष्ट वाटतंय का हे बघायचं. म्हणजे तुमचा छत्रीवाला विठोबा बघून दुसऱ्याने स्वतःच्या हाताने वेगळा छत्रीवाला विठोबा काढला तर गप्प बसायचं. वाईट वाटतं, पण बसायचं. तुकोबांचा अभंग लिहिलात तर शब्द सगळ्यांचे, अक्षर तुमचं.

आणि हो, स्वतःचं घर आधी साफ करा. पिंटरेस्टवरच्या फोटोवर ट्रेस करून काढलेलं चित्र, फुकट डाऊनलोड केलेला पण धंद्यासाठी परवानगी नसलेला फॉन्ट, दुसऱ्याच्या टेक्स्चर ब्रशचा पायरेटेड सेट... भांडण सुरू झालं की समोरचा पहिली उकरतो ती हीच गोष्ट.

पायरी २: काम तुम्ही केलंत, पण मालक कोण?

इथे भलेभले गंडतात. साधारणपणे ज्याने काढलं तो मालक, पण कलम १७ मध्ये अपवाद आहेत. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं, म्हणजे एजन्सीत बसून काढलेलं मॅस्कॉट एजन्सीचं. दुसरं जास्त महत्त्वाचं: कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला किंवा पेंटिंग, पोर्ट्रेट करून घेतलं, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर त्याचा पहिला मालक पैसे देणारा. लग्नाच्या फोटोग्राफरांनो, हे तुमच्यासाठी आहे. तुम्ही काढलेल्या नवरीच्या फोटोवर तुमचा वॉटरमार्क असला तरी करारात काही लिहिलं नसेल तर हक्क त्या घरच्यांचा. इलस्ट्रेशन, लोगो, लेटरिंग या गोष्टी यात नेमक्या कुठे बसतात यावर वकील लोक तासभर बोलू शकतात, तुम्ही तो वाद होऊच देऊ नका, लिहून टाका. 'वेगळं काही ठरलेलं नसेल तर' या पाच शब्दांत तुमची सुटका आहे.

लिहून टाका म्हणजे दहा पानी ॲग्रीमेंट नाही. नवीन असताना क्लायंटला एवढा मेल पुरतो:

'नमस्कार. फोनवर ठरल्याप्रमाणे: आपल्या दुकानाच्या दिवाळी जाहिरातीसाठी एक इलस्ट्रेशन. वापर: दुकानाचं सोशल मीडिया पेज आणि दुकानातली छापील पोस्टर्स. मुदत १ वर्ष, क्षेत्र महाराष्ट्र. टीशर्ट, कप, कॅलेंडर अशा विक्रीच्या वस्तूंवर वापरायचं असेल तर वेगळी परवानगी आणि वेगळं मानधन. कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. ओपन फाइल (लेअरवाली, बदल करता येणारी मूळ फाइल) दिली जाणार नाही. चित्रावरची सही काढू नये. ५० टक्के ॲडव्हान्स आल्यावर काम सुरू होईल. मान्य असेल तर याच मेलला तसं उत्तर द्यावं.'

उत्तरात 'ओके डन' आलं तरी चालेल, काहीच नसण्यापेक्षा शंभरपट बरं. व्हॉट्सॲपवर ठरलं असेल तर चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, फोन बदलताना उडतं ते. मोठं काम असेल, पुस्तक, पॅकेजिंग वगैरे, तर कागदावर दोघांच्या सह्या.

क्लायंट म्हणतो 'सगळे राइट्स आमचे'. ठीक आहे, विका, पण त्याला हक्कांचं हस्तांतर (असाइनमेंट) म्हणतात आणि त्याला कलम १९ लागू होतं: लेखी पाहिजे, सही पाहिजे, कोणतं काम आणि कोणते हक्क ते लिहिलेलं पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, क्षेत्र लिहिलं नसेल तर फक्त भारत. म्हणजे तोंडी 'घ्या सगळं तुमचंच' म्हटल्याने हक्क जात नाही. ही माहिती चार वर्षांपूर्वी एखाद्या प्रकाशकाला काही न लिहिता चित्रं दिलेल्यांनी नीट वाचावी.

ओपन फाइलचं जरा सांगते. फ्लेक्सवाला किंवा डीटीपीवाला सहज म्हणतो 'ताई सीडीआर पाठवा ना, सेटिंगला सोपं जातं' (सीडीआर म्हणजे कोरलड्रॉ सॉफ्टवेअरची ओपन फाइल). एकदा लेअरवाली फाइल बाहेर गेली की सही काढायला एक क्लिक लागतो आणि ती फाइल त्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर कायमची राहते, पुढच्या दहा गिऱ्हाइकांना तीच दाखवतात, बहुतेकदा त्यात वाईट हेतूही नसतो. छपाईला कर्व्ह केलेली (अक्षरांच्या आकृत्या केलेली), फ्लॅट (सगळे लेअर एकत्र केलेली), योग्य साइजची पीडीएफ द्या. तेवढ्यावर छापता येतं, येत नाही म्हणणाऱ्याला सवय नसते एवढंच.

हक्क विकल्यावरही एक गोष्ट तुमच्याकडे राहते, कलम ५७. हे काम माझं आहे असं सांगण्याचा हक्क, आणि कामाची अशी मोडतोड होऊ नये की ज्याने तुमची अब्रू जाईल. दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं मोठं ब्राँझचं भित्तिशिल्प होतं, सरकारने विकत घेतलेलं, म्हणजे मालकी सरकारची. १९७९ मध्ये ते न विचारता काढलं गेलं आणि गोदामात पडून मोडलं. सेहगल कोर्टात गेले, आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने शिल्पाचे उरलेले भाग त्यांना परत द्या आणि वर ५ लाख भरपाई द्या असा निकाल दिला. वेळ किती लागला ते तारखांवरून दिसतंच आहे, पण 'आम्ही पैसे दिलेत, आता आम्ही वाट्टेल ते करू' म्हणणाऱ्यांना हे उदाहरण ऐकवण्यासारखं आहे.

पायरी ३: पुरावा साठवायची सवय

कंटाळवाणं आहे पण कामाला सगळ्यात जास्त हेच येतं.

प्रत्येक कामाचा एक फोल्डर. नावात तारीख. आत कच्ची स्केचेस (कागदावरची असतील तर फोटो काढून), मधल्या स्टेज, लेअरवाली मूळ फाइल, फायनल, आणि क्लायंटशी झालेलं बोलणं. प्रोक्रिएटमध्ये (आयपॅडवरचं चित्र काढायचं ॲप) काम करत असाल तर टाइमलॅप्स चालू ठेवा आणि एक्सपोर्ट करून ठेवा, रिकाम्या कॅनव्हासपासून चित्र उभं राहताना दिसतं, चोराकडे हे कधीच नसतं. फोटोग्राफरांनी रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली) कुणालाही द्यायची नाही आणि त्याच सेकंदाच्या आगेमागे काढलेले बाजूचे फोटोसुद्धा डिलीट करायचे नाहीत, कारण ज्याने एकच जेपेग उचललाय तो आधीचा-नंतरचा फोटो कुठून आणणार.

मग फायनल फाइल स्वतःला मेल करा किंवा क्लाउडवर टाका, म्हणजे तारीख तुमच्या हाताबाहेरच्या सर्व्हरवर पडते. थोडी टेक्निकल आवड असेल तर फाइलचा हॅश काढून त्याच मेलमध्ये चिकटवा. हॅश म्हणजे फाइलवरून निघणारा लांबलचक आकडा, फाइलमध्ये एक पिक्सेल बदलला तरी तो आकडा बदलतो. १ जुलै २०२४ पासून जो नवीन पुरावा कायदा लागू झालाय, भारतीय साक्ष्य अधिनियम, त्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे सर्टिफिकेट द्यावं लागतं त्या फॉर्ममध्ये हॅशची जागाच आहे.

स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने चित्र पाठवून पाकीट न फोडता ठेवायचं ही जुनी आयडिया अजून फिरते. करायची तर करा, पण रिकामं उघडं पाकीटसुद्धा पोस्टाने येतं हे समोरच्या वकिलाला माहीत असतं.

मेटाडेटा, म्हणजे फाइलच्या आत साठवलेली माहिती: फोटोशॉप, लाइटरूममध्ये फाइल इन्फोत निर्मात्याचं नाव, कॉपीराइट आणि मेल आयडी भरायची जागा असते, एकदा टेम्प्लेट करून ठेवलं की आपोआप भरतं. सोशल मीडियावर चढवताना बहुतेक ठिकाणी हे धुतलं जातं, तरी क्लायंटला पाठवलेल्या फाइलमध्ये ते राहतं.

पायरी ४: पोस्ट करताना

पूर्ण रिझोल्यूशनची फाइल नेटवर टाकायची नाही, हे सगळे सांगतात. इन्स्टाला १०८० पिक्सेल रुंदी पुरते आणि ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापलं तर ती जेमतेम ९ सेंटिमीटर भरते, म्हणजे पेंटिंग किंवा फोटोची चांगली प्रिंट त्यातून निघत नाही. एआयने मोठं करतात आजकाल, पण बारकावे पिठासारखे होतात.

लेटरिंगवाल्यांना मात्र याचा फारसा उपयोग नाही हे कुणी सांगत नाही. काळं अक्षर पांढऱ्यावर असलं की कोरलमध्ये घेऊन ट्रेस मारला (सॉफ्टवेअर आपोआप कडांच्या रेषा काढून देतं) की झालं, मोबाईलच्या स्क्रीनशॉटवरून वीस फुटी फ्लेक्स निघतो. त्यामुळे आपण लोकांनी सपाट पांढऱ्यावर फायनल अक्षर टाकणं टाळायचं. कागदाचा तिरका फोटो, बाजूला ब्रश, हात, शाईचा डाग, किंवा रंगीत टेक्स्चरवर. दिसतंही छान आणि ट्रेस करणाऱ्याला निदान तासभर राबावं लागतं.

वॉटरमार्क कोपऱ्यात असेल तर क्रॉप होतो. मधोमध जाडजूड असेल तर चित्राची वाट लागते. मला विचाराल तर सही चित्राच्या आत मुरवावी: साडीच्या काठात, दगडाच्या भेगेत, वेलबुट्टीच्या एका वळणात, अशी की ती काढायची तर तो भाग परत रंगवावा लागेल. शिवाय एक उघड दिसणारी सही वेगळी. २०१२ पासून कायद्यात कलम ६५ब आहे, कामासोबत असलेली निर्मात्याच्या नावाची वगैरे माहिती जाणूनबुजून, परवानगी नसताना काढून टाकणं हा स्वतंत्र गुन्हा, २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. सही खरवडलेली सापडली की 'मला वाटलं फ्री आहे' हे कारण सांगायला चोराला जड जातं, आणि माझ्या मते वॉटरमार्कचा खरा उपयोग एवढाच.

पायरी ५: रजिस्ट्रेशन करावं का?

सक्ती नाही, प्रत्येक पोस्टचं करायचंही नाही. पण ज्या कामावर तुमचं पोट आहे, जसं की एखादं कॅरेक्टर, सगळ्यात जास्त विकली जाणारी प्रिंट, मुलांच्या पुस्तकांची मालिका, त्याचं जरूर करा. कोर्टात कॉपीराइट रजिस्टरमधली नोंद प्रथमदर्शनी पुरावा मानतात, म्हणजे ती खोटी आहे हे दाखवायचं ओझं समोरच्यावर जातं.

अर्ज ऑनलाइन होतो, कॉपीराइट ऑफिसच्या सरकारी साइटवर, फॉर्म १४. एका कलाकृतीला फी ५०० रुपये. तेच काम एखाद्या मालावर किंवा सेवेसाठी वापरलं जाण्यासारखं असेल, लोगो, लेबल, पॅकेट, तर २००० रुपये आणि वर ट्रेडमार्क ऑफिसकडून शोध घेतल्याचं सर्टिफिकेट. अर्ज भरला की डायरी नंबर येतो, मग ३० दिवस कुणाची हरकत येते का याची वाट, मग तपासणी, काही खटकलं तर पत्र येतं त्याला वेळेत उत्तर द्यायचं. चित्रात कुणाचा ओळखू येणारा चेहरा असेल तर त्या माणसाचं ना हरकत पत्र लागतं, हे आधीच घेऊन ठेवा. सर्टिफिकेटला महिने जातात, घाईत काही होत नाही. फॉर्म स्वतः भरता येतो, एजंटला फीच्या कितीतरी पट द्यायची एका चित्रासाठी तरी गरज नाही.

पायरी ६: वस्तूंवर छापणार असाल तर हा खड्डा बघून घ्या

साडीचं डिझाइन, टाइल, भांडी, दिवाळीचे कंदील, असं मुळातच कारखान्यात काढायच्या वस्तूसाठी केलेलं डिझाइन असेल तर डिझाइन्स ॲक्ट २००० मध्ये वेगळी नोंदणी असते आणि ती बाजारात आणायच्या आधी करायची असते. ती केली नाही आणि त्या वस्तूच्या ५० पेक्षा जास्त प्रती मशीनवर निघाल्या तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे कॉपीराइटही जातो. दोन्हीकडून हात रिकामे. फ्रेम करायच्या चित्राला ही भीती नाही, पण चित्र कुठे संपतं आणि डिझाइन कुठे सुरू होतं यावर कोर्टात वर्षानुवर्षं वाद झालेत, २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने क्रायोगॅस केसमध्ये त्यासाठी कसोटी घालून दिली. साच्यातून मूर्ती काढणारे, ब्लॉक प्रिंटवाले, दागिन्यांचे डिझायनर यांनी पहिला लॉट काढायच्या आधी वकिलाची एक फी खर्च करावी.

पायरी ७: सापडलं! आता?

शोधायचं कसं ते सगळ्यांना माहीत असतं, गूगल लेन्स, टिनआय अशा चित्रावरून शोधणाऱ्या साइट्सवर महिन्यातून एकदा आपली चालणारी कामं टाकून बघायची. अर्ध्या चोऱ्या मात्र फॉलोअर्सच कळवतात.

सापडल्यावर लगेच कमेंट करू नका, स्टोरी टाकू नका. कळलं तसं तो डिलीट करेल आणि तुमच्या हातात धुपाटणं. आधी हे:

- पूर्ण पानाचे स्क्रीनशॉट, लिंक, तारीख, किंमत, विक्रेत्याचं नाव दिसेल असे. स्क्रीन रेकॉर्डिंग पण करा, स्क्रोल करत.
- पान वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणारी साइट) सेव्ह होत असेल तर करा.
- विक्री चालू असेल तर एक नग विकत घ्या. खरंच घ्या. बिल येतं, बिलावर नाव, पत्ता, जीएसटी नंबर येतो, जो त्या पेजवर कधीच सापडला नसता. पाकीट, बिल, वस्तू तशीच ठेवून द्या.
- फ्लेक्स असेल तर आजूबाजूचा चौक दिसेल असा फोटो, आणि फ्लेक्सवर प्रिंटरचं नाव असेल तर तेही.

मग तुलना. हे नीट करा, कारण पुढे प्लॅटफॉर्म असो की पोलीस स्टेशन, सगळे हाच एक कागद बघतात. लेटरिंगचं सांगते. ब्रश कोरडा पडत आला की केस फाकतात आणि रेषेत पांढरे ओरखडे उमटतात. समजा तुमच्या 'हरी' मधल्या 'ह' च्या शेपटाला तीन ओरखडे आहेत आणि मधला अर्ध्यात तुटलाय. टीशर्टवरच्या 'ह' ला पण तीन, आणि मधला तिथेच तुटलेला. मी स्वतः तोच शब्द परत लिहिला तर तो ओरखडा तिथे येणार नाही, दुसऱ्याचा कुठून येणार. ट्रेस केलं की ओरखड्यांची टोकं जराशी गोल, चिखलासारखी होतात, पण जागा बदलत नाही. दोन्ही एकाच मापाचे करून एकावर एक ठेवा, वरचं अर्धं पारदर्शक करा, आणि असे चार-पाच बिंदू गोल करून दाखवा. चित्रात हेच चुकलेल्या रेषेने, कानातल्याच्या विचित्र मण्याने, रंग बाहेर गेलेल्या जागेने होतं. आपल्या कामातल्या चुका अशा वेळी कामाला येतात.

आता समोर कोण आहे ते बघा. आवडलं म्हणून शेअर करणारी मावशी, चौकातला फ्लेक्सवाला आणि शंभर डिझाइनं विकणारं पेज, तिघांना एकच भाषा लावायची नाही. मावशीला प्रेमाने नाव टाकायला सांगा, टाकतात. फ्लेक्सवाल्याला फोन करा, पुढच्या वर्षीचं काम तुम्हालाच देईल असंही होतं, झालेलं मी बघितलंय. विकणाऱ्या पेजला मात्र लेखी:

'नमस्कार. तुमच्या पेजवरील या टीशर्टवरचं (लिंक) लेटरिंग माझं आहे. मूळ काम मी या तारखेला प्रकाशित केलं आहे (लिंक). या वापराला माझी परवानगी नाही. सोबत तुलना जोडली आहे. कृपया ४८ तासांत हे डिझाइन विक्रीतून काढावं आणि आतापर्यंत किती नग विकले ते कळवावं. रीतसर परवाना घेऊन विकायचं असल्यास त्यावरही बोलता येईल.'

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. बरेच जण घाबरून किंवा शहाणपणाने पैशाचं बोलतात. भाव स्वतःच्या नेहमीच्या परवान्याच्या दरापेक्षा वरचा सांगा, आधी विचारून घेणाऱ्याला जो भाव तोच न विचारता घेणाऱ्याला का म्हणून. शिवीगाळ, 'जेलमध्ये टाकीन' वगैरे नको, कारण कलम ६० प्रमाणे उगाच दिलेल्या कारवाईच्या धमकीविरुद्ध समोरचाही कोर्टात जाऊ शकतो, आणि स्क्रीनशॉट तोही काढतो.

पायरी ८: प्लॅटफॉर्मवर तक्रार

उत्तर आलं नाही की रिपोर्ट. पोस्टवरच्या तीन टिंबांतून साधा 'आवडलं नाही' वाला रिपोर्ट मारून काही होत नाही, प्रत्येक मोठ्या साइटला बौद्धिक संपदेचा वेगळा फॉर्म असतो, मदत विभागात कॉपीराइट शोधलं की मिळतो. विक्रीच्या साइट्सनाही तसाच. मूळ कामाची लिंक, चोरीची नेमकी लिंक (पेजची नाही, त्या वस्तूची), आणि मालक तुम्हीच असल्याचं निवेदन. तुमचं नाव आणि मेल समोरच्याला कळू शकतं, त्यामुळे घरचा नाही, कामाचा मेल आयडी द्या. मित्रांकडून मास रिपोर्टिंग करवू नका, तक्रार मालकानेच करायची असते.

भारतातल्या नियमांप्रमाणे, कॉपीराइट रूल्स २०१३ चा नियम ७५, मालकाची रीतसर लेखी तक्रार मिळाल्यावर तिच्यात तथ्य वाटलं तर साइटने ३६ तासांत ते काम लोकांना दिसणं थांबवायचं. पण ते २१ दिवसांसाठी. तेवढ्यात कोर्टाचा आदेश आणून दिला नाही तर साइट ते परत चालू करू शकते, आणि तक्रारीतच तुम्हाला दावा लावण्याची हमी द्यावी लागते. मोठ्या परदेशी साइट्स बहुतेक अमेरिकन पद्धतीने चालतात, तिथे समोरच्याने उलट नोटीस दिली की मामला परत तुमच्याकडे येतो. चिल्लर चोर उलट नोटीस देत नाहीत, कारण त्यात खरं नाव-पत्ता द्यावा लागतो.

पायरी ९: वकील, पोलीस, कोर्ट

नुकसान खरंच मोठं असेल तर. वकिलाची नोटीस गेली की बरेच जण तिथेच मिटवतात. पुढे दिवाणी दावा: थांबवण्याचा मनाई हुकूम, भरपाई, नफ्याचा हिशेब. कलम ६२ आपल्यासारख्यांसाठी फार कामाचं आहे, दावा तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा कोर्टात लावता येतो, चोर सुरत किंवा तिरुपूरला असला तरी सांगलीच्या माणसाला सांगलीत दाद मागता येते. मुदत साधारण ३ वर्षं, म्हणून 'बघू नंतर' करत बसू नका.

फौजदारी बाजूला कलम ६३: ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड, धंद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट कमी करू शकतं. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये निट प्रो केसमध्ये हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस स्वतः गुन्हा नोंदवून तपास करू शकतात, असं स्पष्ट केलंय. तरी पोलीस स्टेशनला 'हे सिव्हिल मॅटर आहे हो' ऐकायची तयारी ठेवा. तुलनेचा कागद, बिल, तारखा लावून लेखी अर्ज द्या, निकालाचं नाव अर्जात लिहा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

वकील परवडत नाही म्हणून सोडून देणाऱ्यांना हे माहीत नसतं: प्रत्येक जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, बाकी बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा लागते. आधार कार्ड आणि आपला फोल्डर घेऊन जायचं.

नेहमी येणारे सुटे प्रश्न

*माझी स्टाइल कॉपी केली.* स्टाइलवर हक्क नसतो. एआयने केली तरी सध्या तेच उत्तर द्यावं लागतं, आणि ट्रेनिंगसाठी चित्रं न विचारता वापरण्याचा मुद्दा आपल्याकडे अजून मिटलेला नाही. शिकागो युनिव्हर्सिटीच्या लोकांनी ग्लेझ आणि नाइटशेड अशी दोन फुकट टूल्स काढलीत, चित्रात डोळ्याला फारसे न दिसणारे बदल करून मशीनला गोंधळात टाकणारी. चित्रावर थोडा दाणा येतो, सपाट रंगांवर जास्त जाणवतो, आणि शंभर टक्के बचाव नाही. पोर्टफोलिओला वापरून बघा, क्लायंटच्या फायनलवर नको.

*वारली काढली तर चोरी का?* वारली चित्रकलेला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, तो त्या समाजाच्या परंपरेसाठी. पण एका ठराविक वारली कलाकाराने काढलेलं ठराविक चित्र उचलून कुर्त्यावर छापलं तर तो त्या कलाकाराच्या कॉपीराइटचा भंग, 'लोककला आहे, सगळ्यांची आहे' हे चालत नाही. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा किती गदारोळ झाला ते आठवत असेल, आणि तेव्हा ओरडणारे तेच लोक गावातल्या वारली कलाकाराचं चित्र उचलताना विचारत नाहीत.

*जुनी चित्रं वापरू का?* राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रं खुशाल वापरा, मात्र म्युझियमने काढलेल्या फोटोच्या अटी बघा. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं काम २०३१ संपेपर्यंत संरक्षित. रघुवीर मुळगावकर १९७६, म्हणजे २०३६. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी फिरतात म्हणून ती फुकट झालेली नाहीत, त्यावरून कॅलेंडर काढायचं असेल तर हक्क सध्या कुणाकडे आहेत ते शोधून, घरच्यांकडे की प्रकाशकाकडे, लेखी परवानगी घ्या.